सोलापूरचा पाइप

गाडीखाली काही सांडलेलं दिसलं की घाबरायच्या आधी खाली वाकून बघावं. उन्हाळ्यात एसीचं पाणी ठिबकतं, त्याला रंग नाही, वास नाही, ते सोडून द्यायचं. काळं असेल तर इंजिन ऑइल. हिरवं किंवा गुलाबी, बोटाला जरा चिकट आणि वासाला गोडसर असेल तर कूलंट. फिकट पिवळं आणि चाकाच्या आतल्या अंगाला असेल तर ब्रेक ऑइल, आणि मग गाडी जागची हलवायचीच नाही. लाल, पातळ, दोन बोटांमध्ये घसरणारं असेल तर बहुतेक पॉवर स्टिअरिंगचं. गिअर ऑटोमॅटिक असले तर त्यांचंही तेल लालच असतं. पण माझी गाडी जुनी, डिझेलची, हाताने गिअर टाकायची. त्यामुळे अक्कलकोटला भक्तनिवासासमोरच्या फरशीवर तो लाल डाग दिसला तेव्हा शंकेला फारशी जागा नव्हती.

आई आणि आत्या या दोघींना स्वामींच्या दर्शनाला घेऊन मी चिपळूणहून आले होते. दर्शन झालं, अन्नछत्रात प्रसाद झाला, बॅगा डिकीत गेल्या, आणि गाडी मागे घेताना स्टिअरिंग वळवलं तर बोनेटखालून कण्हल्याचा आवाज. वळवणं थांबवलं की आवाज बंद. बोनेट उघडलं. स्टिअरिंगच्या तेलाची डबी साधारण मूठभर, पारदर्शक, तिच्यावर वरखाली दोन रेघा. तेल खालच्या रेघेच्याही खाली गेलेलं, आणि जे उरलं होतं त्यावर घुसळलेल्या ताकासारखा फेस. फेस म्हणजे तेलाबरोबर पंप हवा ओढतोय. कण्हणं त्याचंच.

इथे थोडं तपशिलात जाते, कारण ‘स्टिअरिंगचं तेल ना, घालू थोडं आणि जाऊ’ असं म्हणणारे घरोघरी असतात. तेल संपलं म्हणून गाडी वळायची थांबत नाही, हे खरं. स्टिअरिंग आणि चाकं लोखंडाने जोडलेलीच असतात, तेल फक्त जोर पुरवतं. सरळ हमरस्त्यावर, वेगात असताना तर फरक फारसा जाणवतही नाही. जाणवतो तो गल्लीत, पार्किंगमध्ये आणि घाटात. पण या तेलाला दुसरंही एक काम आहे. ज्या पंपातून ते फिरतं त्या पंपाला वंगण तेच. कोरडा पंप थोडा वेळ ओरडतो आणि मग आतून खरवडून निघतो. पंप फिरतो इंजिनाच्या पट्ट्यावर. बऱ्याच गाड्यांत त्याच पट्ट्यावर अल्टरनेटर आणि पाण्याचा पंपही असतो. स्टिअरिंगचा पंप जाम होऊन पट्टा तुटला तर बॅटरी चार्ज होणं बंद, इंजिन थंड ठेवणारं पाणी बंद. शिवाय हे तेल पेटतं. गळून तापलेल्या सायलेन्सरवर पडलं तर आधी नुसता धूर निघतो, आणि तेवढ्यावर भागलं तर नशीब म्हणायचं.

आणि आमच्या परतीच्या वाटेवर कुंभार्ली घाट होता. पंढरपूर, कराड, पाटण आणि मग ती वळणं. दोन म्हाताऱ्यांना मागे बसवून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत तो घाट उतरायची माझी तयारी नव्हती.

अक्कलकोटात स्पेअर पार्टच्या दुकानात लाल तेल मिळालं. कुठलं घालायचं ते बहुतेक डबीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. माझ्या गाडीच्या झाकणावर डेक्स्रॉन होतं. दुकानात उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी ‘ब्रेक ऑइल घाला, तेही चालतं’ असा सल्ला दिला. चालत नाही. ब्रेक ऑइलची जात वेगळी, त्याने स्टिअरिंगमधले रबरी सील फुगतात आणि मऊ होऊन जातात. न विचारता मिळालेला सल्ला मान हलवून ऐकायचा आणि सोडून द्यायचा, ही कला मला संसाराने शिकवली आहे. तेल वरच्या रेघेपर्यंत भरलं, बाटली आईच्या पायाशी ठेवली आणि सोलापूरकडे निघालो. चाळीसेक किलोमीटर, मध्ये एकदा थांबून पुन्हा भरलं.

अक्कलकोट रस्त्याने सोलापूरच्या जवळ आलं की एमआयडीसी लागते. टॉवेलचे, चादरींचे माग. खिडकीची काच खाली होती, कारण मला पंपाचा आवाज ऐकायचा होता, आणि मागांच्या खडखडाटात तो ऐकूच येईना. आत्या म्हणाली, “बंद झाला वाटतं आवाज.” बंद झाला नव्हता.

गाडीच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला वाटेतच फोन करून झाला होता. त्यांचं बोलणं सरळ होतं: पार्ट पुण्याहून मागवावा लागेल, चार-पाच दिवस धरा. मग रस्त्याकडेला दिसलेलं पहिलं मोठं गॅरेज गाठलं. नाव सांगत नाही. तिथल्या माणसाने बोनेट उघडलं, एकदा आत डोकावलं, गाडीची रत्नागिरीची पाटी मात्र नीट वाचली, आणि निदान केलं: “रॅक गेली. पूर्ण बदलावी लागेल.” रॅक म्हणजे स्टिअरिंगचं वळणं पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारा आडवा दांडा. वीस हजारांच्या आसपासचा आकडा. तो खाली वाकलासुद्धा नव्हता.

परगावात गाडी बिघडली की खरी अडचण ही असते. घरी असलो की आपला माणूस ठरलेला असतो, तो चुकला तरी उद्या त्याच्या दारात जाता येतं. परगावात कोणावर किती विश्वास ठेवायचा हे तासाभरात ठरवायचं असतं, आणि समोरच्यालाही पक्कं ठाऊक असतं की ही गाडी पुन्हा इकडे यायची नाही. माझा नियम साधा आहे. निदान सांगण्याआधी माणसाने हात काळे केले का, ते बघायचं. बिल, बोलण्यातली गोडी, भिंतीवरचं सर्टिफिकेट हे सगळं नंतर.

“विचार करून येते,” म्हटलं आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभी राहिले. मे महिना, अकराची वेळ, आणि सोलापूरचं ऊन. कोकणातल्या माणसाला घाम माहीत असतो. इथे घाम फुटायच्या आधीच वाळतो. टपरीवर एक टिपरवाला बशीतून चहा पीत होता. आत्याने, आमच्यापैकी कोणालाही न विचारता, त्याला सगळी हकीकत सांगून टाकली. आत्याचे यजमान एसटीत ड्रायव्हर होते. त्यामुळे मोठी गाडी चालवणारा कुठलाही माणूस तिला घरचाच वाटतो.

“रॅकबिक काय नसंल ओ मावशी,” तो म्हणाला. “पाइप फुटला असंल. मार्केट यार्डाच्या पुढं जावा, हैदराबाद रोडला. तिथं जेसीबीचे पाइप प्रेस करून देतेत. शेजारीच फिटर हाय. माझं नाव सांगू नका, माझी उधारी हाय तिथं.”

या शेवटच्या वाक्यावर मी विश्वास ठेवला.

मार्केट यार्डाबाहेर कांद्याचे ट्रक, टेम्पो, बैलगाड्या, हातगाड्या आणि दुपारची सुस्ती. पुढे पत्र्याच्या शेडांची एक रांग. एका शेडबाहेर ट्रॅक्टरचा सांगाडा उभा, दुसऱ्याबाहेर ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीचे आक्सल पडलेले. फिटर तिशीचा असेल. त्याने आधी गाडीत बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या मागे.

“साहेब कुठं हायत?”

“साहेब चिपळूणला. गाडी माझी आहे.”

“बरं बरं, मालक,” तो म्हणाला, आणि त्यानंतर दिवसभर मी मालक होते. सोलापुरात एकमेकांना मालक म्हणायची पद्धतच आहे, पण ती बायकांनाही लागू होते हे मला नवीन होतं.

हा माणूस मात्र लगेच गाडीखाली गेला. रॅकच्या दोन्ही टोकांना घडीघडीचे रबरी बूट असतात. ते त्याने एकेक करून मुठीत दाबले. रॅकचं सील गेलं असलं की तेल त्या बुटात साठतं, दाबलं की आत तेल खुळखुळतं किंवा कडेने बाहेर येतं. दोन्ही बूट कोरडे, आत फक्त हवा. “रॅक ठणठणीत,” खालूनच आवाज आला. वीस हजार रुपये तिथल्या तिथे वाचले, ते केवळ एका माणसाने दोन बूट दाबले म्हणून.

मग डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने त्याने पंप, पाइप, जोड सगळं पुसून कोरडं केलं. तेल वाऱ्याने मागे उडतं आणि खाली ओघळतं, त्यामुळे जिथे ओलं दिसतं तिथेच गळती असते असं नाही. आधी सगळं पुसल्याशिवाय उगम सापडत नाही. मला गाडी सुरू करायला सांगितली. “स्टिअरिंग टोकापर्यंत न्या, पण धरून ठेवू नका, लगेच सोडा.” टोकाला नेऊन धरून ठेवलं की पंपाचा सगळा दाब एका जागी कोंडतो आणि तेल भराभर तापतं, म्हणून चार-पाच सेकंदांच्या वर कधीच धरायचं नाही. मी वळवलं, त्याने पाइपच्या मागे पुठ्ठ्याचा तुकडा धरला. पुठ्ठ्यावर बारीक लाल ठिपके उमटले. पंपातून रॅककडे जाणारा जाड पाइप. रबर आणि लोखंडी टोक जिथे जोडलेलं असतं, तिथल्या पत्र्याच्या बांगडीतून तेल पाझरत होतं.

आई कौतुकाने पुढे होऊन बोट लावायला गेली, तर तो एकदम ओरडला. बरोबर ओरडला. टायरमध्ये आपण तीस-पस्तीस पौंड हवा भरतो. या पाइपमध्ये स्टिअरिंग टोकाला गेलं की हजार पौंडांच्या वर दाब जातो. सुईएवढ्या भोकातून त्या दाबाने निघालेलं तेल कातडी भेदून आत शिरू शकतं, आणि ती जखम दिसते छोटी पण पुढे हात जायची वेळ येते. पुठ्ठा त्यासाठी होता.

पाइप खोलून शेजारच्या शेडमध्ये नेला. तिथले मालक (हे खरोखरचे मालक) साठीच्या पुढचे, कपाळावर भस्माचे पट्टे, पोऱ्याशी कानडीत बोलणारे. फिटर त्याच्या साथीदाराशी तेलुगूत बोलत होता आणि वायसरच्या दुकानात फोनवर दखनीत. माझ्याशी सगळे मराठीत. आत्याला एवढ्या भाषा ऐकून गंमत वाटत होती. इथे कोणाला त्याचं विशेष वाटत नव्हतं.

त्यांनी पाइप हातात घेतला, आधी खडूने दोन्ही टोकांवर एका रेषेत खूण केली. हे का, ते मला नंतर कळलं. पाइपच्या दोन टोकांचे बाक एकमेकांशी ठरावीक कोनात असतात. नवा पाइप जरा पिळून बसला तर गाडीत लागताना ताण येतो आणि महिन्याभरात पुन्हा तिथूनच फुटतो. मग ग्राइंडरने जुन्या बांगड्या उभ्या कापून काढल्या. रबर काढलं. राहिली फक्त दोन लोखंडी टोकं, कंपनीची, जशीच्या तशी. त्यांच्यावर पितळेची सळई वितळवून नवे नळे (पाइपच्या आत बसणारे) जोडून घेतले. भिंतीवरच्या काळ्या पाइपच्या वेटोळ्यातून एक तुकडा कापला. कापलेल्या तोंडाकडे बघितलं तर तीन थर दिसत होते: आत गुळगुळीत रबर, मध्ये पोलादी तारांची विणलेली जाळी, वर पुन्हा रबर. जोर त्या जाळीचा. चादरीच्या गावात पाइपही विणलेलाच निघाला म्हणून मी हसले, पण विनोद सांगण्यासारखं तिथे कोणी नव्हतं, आई वर्तमानपत्राने वारा घेत होती.

पाइपच्या टोकावर नवी पोलादी बांगडी चढवली, आत नळा घातला, खडूच्या खुणा जुळवल्या आणि ते टोक प्रेसच्या तोंडात दिलं. प्रेसच्या तोंडात गोलाकार मांडलेले दाते असतात. मोटर सुरू झाली आणि ते दाते सगळ्या बाजूंनी एकाच वेळी, अगदी सावकाश, आत सरकले. आवाज काही नाही. मालकांचा एक हात बटणावर, डोळे बांगडीवर. थांबले, टोक बाहेर काढलं, कॅलिपरने जाडी मोजली, पुन्हा आत घातलं, अगदी थोडं दाबलं, पुन्हा मोजलं. कमी दाबलं तर पाइप निसटतो, जास्त दाबलं तर आतल्या जाळीच्या तारा तुटतात. सगळं कसब त्या दुसऱ्या मोजण्यात होतं.

“गाडीचा दाब सोसेल ना?” मी विचारलं.

त्यांनी भिंतीवरच्या पाइपांकडे हात केला. “जेसीबीला तीन हजार पौंडाच्या वर लागतंय. तुमच्या गाडीचं काय हाय त्यात?”

मला तिथे उभ्या उभ्या ही गोष्ट नीट उमगली. ज्या गावात जे रोज मोडतं, ते त्या गावात उत्तम दुरुस्त होतं. राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात. उजनीचं पाणी आलं, ऊस आला, उसामागून ट्रॅक्टर आले, दोन-दोन ट्रॉल्या आल्या, ऊसतोडणीची यंत्रं आली. हंगाम संपला की उन्हाळ्यात शेततळी, तलावातला गाळ, सपाटीकरण, म्हणजे जेसीबी आणि पोकलेन. ज्या भागात पाणी पोचलं नाही तिथे बोअरची गाडी. या सगळ्यांचा प्राण हायड्रॉलिक पाइपात. शेतात मशीन बंद पडलं की पुण्याहून पार्ट यायची वाट कोण बघणार, म्हणून ही शेडांची रांग. माझी गाडी त्या रांगेत योगायोगानेच उभी होती, पण तिच्या दुखण्याचं औषध इथे उसाने आणून ठेवलेलं होतं. आमच्या चिपळुणात हा प्रेस मला कुठे दिसलेला नाही. मात्र पाण्याखाली गेलेली गाडी उघडून, वाळवून पुन्हा रस्त्यावर आणणारे हात आमच्याकडे आहेत, २०२१च्या जुलैतल्या पुरानंतर तर फारच. प्रवासवर्णनांत गावाची देवळं, किल्ले आणि खाणं येतं. गावाला काय दुरुस्त करता येतं, हे कोणी लिहीत नाही.

फिटर तांब्याची वायसर आणायला गेला होता, नेमक्या मापाची मिळाली नाहीत. पाइपचं टोक पोकळ बोल्टने दोन तांब्याच्या वायसरांमध्ये आवळलं जातं आणि जुनी वायसर दबून कडक झालेली असतात, तशीच लावली तर पुन्हा पाझरतात. त्याने ती जुनी चिमट्यात धरली, गॅसच्या ज्योतीवर लालभडक केली आणि पाण्यात टाकली. लोखंड असं केलं तर कडक होतं. तांबं मऊ होतं. नंतर पॉलिश पेपरवर घासून सपाट केली.

तोवर आत्याने एका बाकावर बैठक मारून तिच्या यजमानांच्या काळातल्या एसटीची गोष्ट सुरू केली होती. त्या वेळी स्टिअरिंगला तेलबिल काही नव्हतं. चाक मोठं, ड्रायव्हरचे दंड त्याहून मोठे, आणि कुंभार्लीच्या वळणावर ते सीटवरून अर्धे उठून स्टिअरिंग ओढायचे. यावर मी फ्रान्सिस डेव्हिसचं नाव काढलं. हा अमेरिकन इंजिनिअर आधी ट्रकच्या कारखान्यात होता, जड स्टिअरिंगची कथा त्याने तिथेच बघितली. १९२०च्या दशकात त्याने तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग बनवून १९२६ साली गाडीत बसवून दाखवलंही, पण मोटार कंपन्यांना ते महाग वाटलं. विक्रीच्या मोटारीत ते पहिल्यांदा आलं १९५१ला, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये, आणि तेही त्याच्या मुदत संपलेल्या पेटंटांच्या आधारे. आता नव्या छोट्या गाड्यांतून तेल गेलंच, विजेची मोटर आली. गळायला काही उरलं नाही. आत्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग तू नवी का घेत नाहीस?” याला उत्तर नव्हतं, म्हणून मी जेवणाचं बघायला उठले.

जवळच्या खानावळीतून कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही बांधून आणलं. चटणीचा पहिला घास आईने घेतला आणि बराच वेळ बोलली नाही. शेंगदाणा कुटून कुटून तेल सुटलेलं, लसूण, आणि तिखट असं की कानामागे जाणवावं. पोऱ्याने माठातलं पाणी आणून दिलं, तांब्या रिकामा झाला की पुन्हा भरून.

पाइप बसला. आता हवा काढणं. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, इंजिन बंदच ठेवून मी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहिले आणि फिटर डबीत तेल भरत राहिला. बुडबुडे येतात, पातळी उतरते, पुन्हा भरायचं, पुन्हा फिरवायचं. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करायचं. घाईने आधीच सुरू केलं तर पंप तेल आणि हवा एकत्र फेटतो आणि मग तो फेस जिरायला तास जातो. सुरू केलं. कण्हणं नाही. पुन्हा पुठ्ठा धरला, कोरडा. पाइपच्या मालकांनी स्वतः येऊन बांगडीवरून स्वच्छ फडकं फिरवलं आणि फडकं उजेडात धरून बघितलं.

बिल करताना त्यांनी पाइप आणि दोन बांगड्या धरल्या, पितळेच्या जोडाचे वेगळे. मी विचारलं, टोकांचं काय? “टोकं तुमचीच हायत की. त्याचं काय घेऊ?” फिटरची मजुरी आणि तेलाची बाटली धरून सगळं मिळून वीस हजारांच्या दहाव्या हिश्शाच्या आत बसलं. फिटरने बजावलं: पंढरपूरला थांबून, इंजिन थंड झाल्यावर तेल बघा, गरम असताना पातळी वर दिसते, त्यावर जाऊ नका. आणि तेलात घालायचं, गळती बुजवणारं औषध म्हणून बाटल्या मिळतात, त्या घालू नका. त्यांनी सील थोडे फुगतात, दोन-चार महिने बरं चालतं. फुटलेल्या पाइपला त्याचा काही उपयोग नाही.

पंढरपूरला तेल रेघेवर होतं. आई आणि आत्याला तेवढंच निमित्त पुरलं; इंजिन थंड होईतो वाट बघायचीच आहे तर मुखदर्शन तरी करून येऊ, म्हणून दोघी गेल्या आणि इंजिन थंड होऊन बराच वेळ झाल्यावर परत आल्या. मुक्काम कराडला केला. सकाळी घाटात एका बोटाने स्टिअरिंग वळत होतं.

चिपळूणला आमच्या नेहमीच्या मिस्त्रीला गाडी दाखवली. त्याने टॉर्च मारून बांगडी बघितली, नखाने टोचून बघितली, आणि कोणी प्रेस केला ते विचारलं. मी कार्ड दिलं. ते त्याने वाशिष्ठी नदीतला गाळ काढणाऱ्या पोकलेनवाल्यांसाठी म्हणून ठेवून घेतलं. मग टॉर्च जरा बाजूला सरकवून म्हणाला, “ताई, परतीचा, तेल डबीत परत आणणारा पाइपपण त्याच वयाचा आहे. त्याला दाब नसतो, क्लॅम्पवर भागतं, पण पावसाळ्याच्या आधी बदलून टाकूया.”